‘पंच’ : अक्षरं तीच, शब्द वेगळे

प्रश्न (सांगली) : परवा तालमीत वाद रंगला. एकाचं म्हणणं, बॉक्सिंगमधला ‘पंच’ म्हणजे पाच बोटं वळून केलेली मूठ, म्हणजे शब्द मूळचा आपलाच. दुसऱ्यानं विचारलं, मग कागदाला भोकं पाडायच्या पंचमध्ये पाच काय आहे? कुणी नीट सांगेल का?

उत्तर (मिरज) : पाच बोटांची व्युत्पत्ती ऐकायला गोड आहे, पण ती सोडून द्या. ठोशाचा पंच आणि कागदाचा पंच एकाच कुळातले आहेत आणि दोघांचाही पाचाशी संबंध नाही. मूळ लॅटिन क्रियापद ‘पुंगेरे’, म्हणजे टोचणे. त्यापासून टोकदार हत्याराचं नाव झालं आणि ते फ्रेंचमार्गे इंग्रजीत पोचलं. हा जुना अर्थ कुपवाडच्या एमआयडीसीत आजही रोज वापरात आहे. ड्रिल मारायच्या आधी फिटर खुणेवर सेंटर पंच उभा धरतो, हातोडीचा एक ठोका देतो. बारीक खळगा पडतो, ड्रिलचं टोक त्यात बसतं आणि घसरत नाही. टोचणं, मग ढोसणं, मग मुठीनं ठोसा देणं, असा अर्थ सरकत गेला. मधली पायरी अमेरिकेत सापडते. तिकडे गुराख्याला ‘काउपंचर’ म्हणतात, कारण तो गुरांना काठीनं ढोसतो. आपल्या बैलामागची पराणी आठवा. टायरचं ‘पंक्चर’ही त्याच ‘पुंगेरे’चं.

पण आपला पाच इंग्रजीत गेलाच नाही असं मात्र समजू नका. तो गेला पेल्यातून. पंच नावाचं एक मद्यपेय आहे. त्याचा उल्लेख १६३२ पासून, ईस्ट इंडिया कंपनीच्या माणसांच्या पत्रव्यवहारात मिळतो. शिवाजी महाराजांच्या काळात पश्चिम किनाऱ्यावर वावरलेला कंपनीचा डॉक्टर जॉन फ्रायर यानं तर स्वच्छ लिहून ठेवलंय, की हा हिंदुस्थानी शब्द आहे, अर्थ पाच, आणि पेयात पाच जिन्नस पडतात म्हणून हे नाव. त्याचं पुस्तक १६९८ साली छापलं गेलं. दारू, साखर, लिंबाचा रस, पाणी आणि मसाला, अशी पाचांची सर्वसाधारण यादी देतात. दूध-दही-तूप-मध-साखरेला आपण पंचामृत म्हणतो, त्याच रीतीचं हे नाव.

काही अभ्यासक याला हरकत घेतात. त्यांच्या मते ‘पंचन’ नावाच्या दारूच्या पिंपावरून शब्द आला असावा. मला फ्रायरची साक्ष जास्त वजनदार वाटते. आपला ऱ्हस्व ‘अ’ इंग्रज ‘यू’ अक्षरानं लिहीत, हेही लक्षात घ्या. पंजाबचं इंग्रजी स्पेलिंग बघा. त्या नावातला ‘पंज’ म्हणजे फारसीतला पाचच.

प्रश्न (सांगली) : आणि इंग्रजांचं ते ‘पंच’ नावाचं विनोदी साप्ताहिक?

उत्तर (मिरज) : ते तिसरंच प्रकरण. इटालियन नाटकात ‘पुल्चिनेल्ला’ नावाचं एक पात्र होतं. इंग्लंडात त्याचा पोक आलेला, मोठ्या नाकाचा, सोटा घेऊन सगळ्यांना बडवणारा बाहुला झाला आणि नाव तुटून ‘पंच’ उरलं. १८४१ साली लंडनमध्ये निघालेल्या साप्ताहिकानं ते नाव घेतलं. लखनौहून १८७७ मध्ये ‘अवध पंच’ निघालं ते त्याच्याच धर्तीवर. उर्दू वाचकाला मात्र त्यात गावच्या पंचाचाही भास झाला असणार.

आता आपला पंच. न्याय करणाऱ्या पाचजणांवरून तो आला, पण पाचाची अट कधीच सुटली. कुस्तीच्या मैदानात एकच माणूस पंच असतो. पोलिसांच्या झडतीला परिसरातले दोन प्रतिष्ठित पंच पुरतात. २०१९ च्या पुरानंतर कृष्णाकाठी घरोघरी आणि शेतोशेत पंचनामे झाले. त्यातला ‘पंच’ संस्कृत आणि ‘नामा’ फारसी.

देवनागरीत हे सगळे एकसारखेच दिसतात, म्हणून बातमी लिहिणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. ‘पंचांनी त्याचे पंच मोजले’ असं लिहू नका. ‘पंचांनी त्याचे ठोसे मोजले’ असं लिहा. ठोसा हा चांगला, दणकट शब्द आपल्याकडे आहे. वर्कशॉपात मात्र सेंटर पंचला सेंटर पंचच म्हणा, दुसरं काही म्हटलं तर पोरगं कपाटात शोधत बसेल.