लिलावातल्या १९६३च्या ई-टाइप रोडस्टरची किंमत कशी ठरवावी?

मृद्गंध

नमस्कार मंडळी. येत्या लिलावात एक १९६३ची जॅग्वार ई-टाइप आहे. ३.८ लिटर, रोडस्टर म्हणजे उघडता येणाऱ्या कापडी टपाची, स्टिअरिंग डावीकडे. नऊ वर्षं पैसे साठवलेत ते अशाच गाडीसाठी. कॅटलॉगमध्ये 'संपूर्ण रिस्टोअर केलेली, मॅचिंग नंबर्स' (म्हणजे इंजिन मूळ त्याच गाडीचं) असं लिहिलंय. लाल रंग, काळं लेदर, टप नवा कोरा. फोटोवरसुद्धा नजर ठरत नाही.

अंदाजे किमतीचा खालचा आकडा माझ्या आवाक्यात आहे, वरचा नाही. गाडी बघायला दोन दिवस दिलेत. मला ती झाकून ठेवायची नाही, चालवायची आहे. पण म्हणून अवाच्या सवा पैसे मोजून फसायचंही नाही. आजवरच्या लिलावांचे निकाल गोळा करून ई-टाइप रोडस्टरची एक सरासरी काढली आहे. ती धरून बोली लावावी का? आणि गाडीसमोर उभं राहिल्यावर सुरुवात कुठून करू?

पत्राकाम

सुरुवात रंगापासून करू नका. आधी गुडघे टेका आणि दाराखालचे सिल, म्हणजे कडेचे पत्र्याचे पोकळ पट्टे, बघा.

बंद गाडीत छत निम्मं काम करतं, पुढचा आणि मागचा भाग तेच बांधून ठेवतं. टपाच्या गाडीत ते नसतं. सगळा भार सिल, फ्लोअर आणि गिअरबॉक्सवरचा मधला बोगदा यांच्यावर येतो. त्यातून ई-टाइपला वेगळी चॅसिस नाही. मधला भाग म्हणजे पत्र्याची एक पेटी, आणि तिच्या पुढच्या भिंतीला नळ्यांची फ्रेम बोल्टनं जोडलेली, जिच्यावर इंजिन बसतं. पेटी कुजली की गाडी संपली, मग वर कितीही सुंदर लाल रंग असो.

मी हे महागात शिकलोय. एका लिलावात १९६७ची एमजीबी घेतली होती, तीही टपाचीच. पाऊण तास रंग बघितला, इंजिनाचा आवाज ऐकला आणि बोली लावली. घरी आणून पुढच्या चाकाच्या मागे जॅक लावला, गाडी वितभर उचलली आणि दार उघडायला गेलो तर दार हलेना. गाडी खाली उतरवली, दार उघडलं. पुन्हा उचलली, पुन्हा अडकलं. ग्राइंडरनं सिल कापल्यावर दिसलं की जुन्या कुजलेल्या सिलवर नवा पत्रा वेल्ड करून वरून झकास रंग मारलाय. आतलं मधलं पान भिजलेल्या पुठ्ठ्यासारखं बोटानं निघत होतं. गाडीच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्शाइतका खर्च त्यात गेला. सांगायचं एवढंच की लिलावातली गाडी 'जशी आहे तशी' विकलेली असते. नंतर दाद मागायला फारशी जागा राहत नाही.

तिथे जॅक लावू देणार नाहीत. म्हणून दाराची फट बघा. गाडी मधून बसली असेल तर दाराच्या चौकटीचं तोंड वरून आवळतं: फट खाली मोकळी आणि वर बारीक दिसते. दार अर्धं उघडून सोडा, मग हलकेच लावा. लावताना उचलून धरावं लागलं तर सावध व्हा.

परवानगी घेऊन रंगाची जाडी मोजायचं मीटर फिरवा. जुन्या गाडीवर पुन्हा रंग झालेला असणारच, त्यामुळे ३००-४०० मायक्रॉन दिसले तर बिचकू नका. आकडा हजाराच्या पुढे गेला की खाली लांबी (पुट्टी) भरलेली आहे असं धरा. अपवाद एकच: या गाड्यांच्या पत्र्याच्या जोडांवर कारखान्यातच शिसं भरलेलं असायचं, तिथे आकडा वाढला तर तो दोष नाही. सीटमागचा गालिचा उचला, डिकीचा तळ बघा, टॉर्च न्या.

इंजिनाचं मी शेवटी बघतो. ते उघडून नीट करता येतं.

आणि हो, चॅसिस नंबर काय आहे? कॅटलॉगात छापलेला असेल. सुरुवातीचे तीन आकडे टाका इथे.

वहीखातं

तुमच्या सरासरीबद्दल. ती बाजूला ठेवा, दोन कारणांनी.

एक म्हणजे 'ई-टाइप रोडस्टर' ही एक वस्तू नाही. मार्च १९६१मध्ये जिनिव्हाला गाडी आली. तेव्हाच्या पहिल्या गाड्यांचा फ्लोअर सपाट होता आणि बॉनेटची कुलपं बाहेरून होती. त्यांना संग्राहक वेगळाच भाव देतात. ऑक्टोबर १९६४मध्ये ४.२ लिटरची आली, १९७१ला बारा सिलिंडरची व्ही-१२. या सगळ्यांची सरासरी काढून जो आकडा येतो, तो कुठल्याच गाडीचा नसतो. तुम्हाला चालवायची आहे म्हणून मुद्दाम सांगतो, ३.८च्या गिअरबॉक्सला पहिल्या गिअरवर सिंक्रोमेश (गिअर न खरखरता पडण्याची सोय) नाही, ४.२ला आहे. रोज गर्दीत चालवणार असाल तर फरक हाताला जाणवेल.

दुसरं जास्त महत्त्वाचं. लिलावगृहं जे निकाल छापतात त्यात बहुतेक वेळा खरेदीदाराचं प्रीमियम, म्हणजे शेवटच्या बोलीवर लिलावगृह घेतं ते जादा कमिशन, धरलेलं असतं. कॅटलॉगातला अंदाज मात्र प्रीमियम सोडून असतो. म्हणजे तुम्ही जो जुना निकाल आणि जो नवा अंदाज शेजारी ठेवताय, ती दोन वेगळी मापं आहेत. अंदाज स्वस्त वाटतो तो यामुळेच.

हिशेब उलटा करा. खिशातून एकूण १०० जाऊ शकत असतील आणि प्रीमियम १५ टक्के असेल, तर हातोडा, म्हणजे शेवटची बोली, ८७च्या आत पडला पाहिजे. कर, वाहतूक, विमा त्याआधी १००मधून वजा करा. आणि पहिल्या वर्षी काहीतरी निघतंच, त्याची वेगळी रक्कम बाजूला ठेवा. जो आकडा उरेल तो कागदावर लिहून घरच्या कुणाच्या तरी हातात द्या आणि त्यांना शेजारी बसवा.

राखीव किंमत, म्हणजे ज्याखाली विकणारा गाडी देत नाही तो आकडा, गुप्त असते, पण सहसा अंदाजाच्या खालच्या आकड्यापेक्षा वर नसते. तिथपर्यंत लिलावकर्ता विकणाऱ्याच्या वतीनं बोली पुढे नेऊ शकतो. त्यामुळे सुरुवातीला चढणारे आकडे बघून 'इतके जण मागे लागलेत' असं वाटून घेऊ नका.

मृद्गंध

दोघांचेही मनापासून आभार. आज जाऊन आले. दाराच्या फटी दोन्ही बाजूंना सारख्या आहेत, दार एका बोटानं लागतं. मीटर कुठेच ४५०च्या वर गेलं नाही, फक्त सीटच्या मागे दोन्ही बाजूंना एका पट्ट्यात १४००, १६०० दाखवत होतं. ते शिसं असेल ना? इंजिन नंबर ब्लॉकवर ऑइल फिल्टरच्या वर आहे, तो स्वतः वाचून आले, कॅटलॉगशी जुळतो.

चॅसिस नंबर ८८८नं सुरू होतो.

पत्राकाम

ताई, थांबा जरा.

३.८मध्ये डाव्या स्टिअरिंगच्या रोडस्टरचे नंबर ८७५००१पासून सुरू झाले. डाव्या स्टिअरिंगच्या कूपेचे, म्हणजे पक्क्या छताच्या बंद गाडीचे, ८८५००१पासून. उजव्या स्टिअरिंगला तेच अनुक्रमे ८५०००१ आणि ८६०००१. ८८०, ८८१ दिसलं असतं तर काही बोललो नसतो, तिथपर्यंत रोडस्टरची मालिका जाते. पण ८८८ ही कूपे आहे. ही गाडी छतासकट जन्मली आणि नंतर कुणीतरी तिचं छत कापलं.

तुमच्या मीटरनं ते सांगितलंच आहे. सीटमागचा १४००-१६००चा पट्टा दोन्ही बाजूंना सारखा असेल, तर मला तिथे नव्या मागच्या भागाचा जोड वाटतो. नुसतं शिसं म्हणून सोडून देऊ नका.

'मॅचिंग नंबर्स' खोटं नाही, हेही लक्षात घ्या. इंजिन त्याच गाडीचं आहे. पण इंजिनाचा नंबर जुळला म्हणून गाडी उघडीच जन्मली होती असं होत नाही.

खात्री करायचा सरळ रस्ता आहे. जॅग्वार डेमलर हेरिटेज ट्रस्ट कारखान्याच्या नोंदींवरून दाखला देतो. त्यात चॅसिस, इंजिन, गिअरबॉक्स, बॉडी यांचे नंबर, मूळ रंग, बनल्याची आणि पाठवल्याची तारीख, आणि गाडी कुठल्या प्रकारची होती ते सगळं असतं. तो मालकालाच मिळतो, तेव्हा लिलावगृहाकडे लेखी मागा. फाइलमध्ये असेल तर दाखवतील. नसेल तर तेही एक उत्तरच आहे.

मृद्गंध

रात्रभर झोप लागली नाही. सकाळी पहिल्यांदा जाऊन फाइल मागितली. दाखला होता, विम्याच्या कागदांच्या मागे. 'फिक्स्ड हेड कूपे'. मूळ रंग लाल नाही, राखाडी.

मी तिथल्या बाईंना तो कागद आणि नंबर दोन्ही दाखवले. त्यांनी वाद घातला नाही, विकणाऱ्याशी बोलते म्हणाल्या. लिलावाच्या दिवशी गाडी पुढे आली तेव्हा बोली सुरू व्हायच्या आधी दुरुस्ती वाचून दाखवली: मूळ कूपे, नंतर रोडस्टर केलेली. सभागृहातले दोन-तीन जण तेवढ्यात कॅटलॉग मिटून टेकून बसले. बोली राखीव किमतीपर्यंत पोचली नाही, गाडी विकली गेली नाही. मी हात वर केला नाही. कागद आईच्या हातात होता.

आज त्यांचा फोन आला. विकणारा खाली यायला तयार आहे, तुम्ही आकडा सांगा म्हणाले. आता खरा प्रश्न: कापलेल्या कूपेची किंमत कशी लावायची? मला ती गाडी अजून आवडते हो.

पत्राकाम

आवडते यात चूक काही नाही. चालवायलाच घ्यायची तर अशी गाडी वाईट नसते, फक्त ती रोडस्टरच्या भावात घ्यायची नाही.

मी तरी रोडस्टरची किंमत धरून त्यातून काही वजा करणार नाही. चांगल्या ३.८ कूपेच्या भावापासून खाली येईन. ती आता पुन्हा कूपे होणं अवघड, आणि खरी रोडस्टर कधीच होणार नाही. उद्या तुम्ही विकायला काढाल तेव्हा समोरचाही पहिले तीन आकडे वाचणारच.

पण आकडा सांगायच्या आधी काम कसं झालंय ते बघा. आता लिलाव नाही, घाई त्यांना आहे, तेव्हा गाडी लिफ्टवर घ्यायला सांगा. छत काढल्यावर सिल आणि फ्लोअरला बळकटी दिलीय की नुसतं कापून टप बसवलाय, ते खालून कळेल. मागचा भाग जोडला असेल तर वेल्ड सलग आहे की तुकड्या-तुकड्यांत, ते बघा. पुढची काच कमी उंचीची आणि तिच्या कडेला क्रोमचे खांब असले पाहिजेत, रोडस्टरची तशीच असते. चारही कोपरे उचलून प्रत्येक वेळी दार उघडून बघा. जोडाचे फोटो काढा आणि आधी मला दाखवा, मग आकडा बोला.

वहीखातं

एक विचारून घ्या: लिलावानंतरच्या सौद्यावरही प्रीमियम लागतं का. बहुतेक लागतं. आकडा सांगताना 'सगळं धरून' असं स्पष्ट म्हणा आणि ते ई-मेलवर घ्या. पावतीवर 'मूळ कूपे' हे शब्द यायला हवेत. विम्यासाठीही आणि पुढे तुम्ही विकाल तेव्हासाठीही.

मृद्गंध

उद्या सकाळी दहाला लिफ्टवर घेऊ देणार आहेत. टॉर्च चार्जिंगला लावलाय. फोटो दुपारपर्यंत टाकते.