‘परफ्यूजन’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न (इंदिरानगर, नाशिक) : काकांना मेंदूचा ग्लायोब्लास्टोमा (कर्करोगाची गाठ) आहे. ऑपरेशन झालं, मग सहा आठवडे ‘लाइट’ म्हणजे रेडिएशन, सोबत टेमोझोलोमाइड या केमोच्या गोळ्या. महिन्याभरानंतरच्या एमआरआयच्या रिपोर्टमध्ये लिहिलंय, ‘एनहान्समेंट वाढली आहे, परफ्यूजन करून पाहावे.’ मी आजीला ‘रक्ताभिसरणाची तपासणी’ असं सांगितलं, तर तिला वाटलं आता हृदयाचंही काहीतरी निघालं. नेमका शब्द कोणता?

उत्तर : ताई, रक्ताभिसरण म्हणजे रक्ताचं सबंध शरीरातलं फिरणं, त्यामुळे आजींचा गैरसमज साहजिक आहे. परफ्यूजन म्हणजे एखाद्या ठिकाणच्या पेशींपर्यंत बारीक केशवाहिन्यांतून पोचणारं रक्त. मी ‘रक्तसिंचन’ म्हणेन. पाटाला पाणी किती सुटलं हे वेगळं आणि द्राक्षवेलीच्या मुळाशी किती पोचलं हे वेगळं, हे आपल्याकडे कुणालाही कळतं. हाताच्या शिरेतून गॅडोलिनियमचं औषध वेगानं सोडतात आणि ते मेंदूतून जाताना दर सेकंद-दोन सेकंदाला प्रतिमा घेतात. औषध जाताना प्रतिमा क्षणभर काळवंडते. किती काळवंडली त्यावरून तिथलं रक्ताचं प्रमाण काढतात. ट्यूमर स्वतःसाठी नव्या रक्तवाहिन्या उगवून घेतो (अमेरिकी सर्जन जुडा फोकमन यांनी १९७१ मध्ये हा विचार ठामपणे मांडला), म्हणून हे मोजमाप कामाचं.

दुसरं उत्तर : ‘रक्तसिंचन’ पटलं. पण मला जास्त काळजी ‘एनहान्समेंट वाढली’ या शब्दांची वाटते. घरचे त्यातलं ‘वाढली’ एवढंच ऐकतात आणि खचतात. तिथे ‘उजळणं’ म्हणावं : गॅडोलिनियमचं औषध रक्तवाहिनीतून बाहेर झिरपलं की नेहमीच्या एमआरआयमध्ये तो भाग उजळ दिसतो. वाहिन्या ट्यूमरमुळे गळतात, तशाच रेडिएशननेही. विशेषतः रेडिएशननंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत डाग मोठा दिसून पुढे औषध न बदलता ओसरू शकतो. डॉक्टर याला ‘स्यूडोप्रोग्रेशन’ म्हणतात, आपण ‘आभासी वाढ’ म्हणू या. ‘स्यूडो’साठीचा ‘छद्म’ हा शब्द रुग्णाच्या घरी कुणी बोलत नाही. जिवंत ट्यूमरमध्ये रक्ताचं प्रमाण बहुधा जास्त असतं, रेडिएशनच्या परिणामात कमी. बहुधा हा शब्द गाळू नका, कारण एकाच डागात दोन्ही असू शकतात.

याच्या उलटही होतं. बेव्हॅसिझुमॅब हे याच आजारात देतात ते औषध वाहिन्यांची गळती थांबवतं, त्यामुळे एक-दोन दिवसांतच उजळपणा कमी दिसू शकतो, ट्यूमर तेवढा आटलेला नसतानाही. तो ‘आभासी प्रतिसाद’.

तिसरं उत्तर : परफ्यूजनच्या तपासणीला ‘मेंदूची अँजिओ’ म्हणू नका. अँजिओत मोठ्या वाहिन्यांचे मार्ग दिसतात, रक्तसिंचन मोजलं जात नाही. आणि किडनीच्या त्रासामुळे गॅडोलिनियम नको असेल तर रक्तातल्याच पाण्यावर चुंबकीय खूण करून सिंचन मोजण्याची पद्धतही आहे. तिला सुई लागत नाही.

ताई, स्कॅनला जाताना आधीच्या सगळ्या एमआरआयच्या सीडी न्या, नुसते रिपोर्ट नकोत. रेडिएशन कोणत्या तारखेला संपलं तेही लिहून द्या. आभासी वाढीचा विचार करताना डॉक्टरांना ती तारीख लागते.