जेपर्डी पद्धतीची प्रश्नमंजूषा: शेवटच्या फेरीत किती गुण पणाला लावायचे?

दाभोळखाडी

यंदा गणेशोत्सवात आमच्या मंडळाची प्रश्नमंजूषा 'जेपर्डी' या अमेरिकन कार्यक्रमाच्या धर्तीवर घ्यायची आहे. केबीसीत एकटा माणूस प्रश्नांशी झुंजतो, इथे तिघं एकमेकांशी. शेवटी एकच प्रश्न असतो. विषय आधी जाहीर करायचा, मग प्रत्येकाने आपल्याकडचे हवे तेवढे गुण गुपचूप पणाला लावायचे. उत्तर बरोबर आलं तर तेवढे वाढतात, चुकलं तर तेवढे जातात.

समजा शेवटच्या प्रश्नाआधी अ कडे 8,400, ब कडे 6,000 आणि क कडे 2,200 गुण आहेत. कोणी किती लावावेत? स्पर्धकांना आधी समजावून सांगायचं आहे, नाहीतर सगळेच 'होऊ दे, सगळे लाव' करतात आणि फेरीची मजा जाते. बरोबरी झाली तर काय करायचं आणि बझर कसा बनवायचा, तेही हवं आहे. मांडव गुहागर तालुक्यात समुद्रापासून जवळच आहे आणि भाद्रपदातल्या लाइटचा भरवसा नाही.

कातळसडा

अ पासून सुरू करू, कारण बाकी सगळं त्याच्यावर ठरतं. ब ने सगळे लावून बरोबर उत्तर दिलं तर त्याचे 12,000 होतात. अ ला 12,001 हवेत, म्हणून त्याची पैज 3,601. तो बरोबर आला की जिंकलाच, ब ने काहीही करो. चुकला तर त्याच्याकडे 4,799 उरतात.

ब ने नेमका हाच 4,799 चा आकडा डोळ्यांसमोर ठेवायचा. त्याने 0 ते 1,200 च्या मधे काहीही लावलं तर चुकूनही त्याच्याकडे निदान 4,800 राहतात. म्हणजे अ चुकला की ब जिंकला, मग ब चं स्वतःचं उत्तर बरोबर असो की चूक. क ने सगळे लावून दुप्पट केले तरी 4,400 च होतात, त्यामुळे मागूनही धोका नाही.

पण ही सोय ब कडे अ च्या निदान दोन तृतीयांश गुण असतील तेव्हाच. इथे 8,400 चे दोन तृतीयांश 5,600, म्हणून 6,000 ला चालतं. ब कडे 5,000 असते तर अ ची पैज 1,601 झाली असती, चुकल्यावर त्याच्याकडे 6,799 उरले असते, आणि ब ला निदान 1,800 लावून बरोबर उत्तर द्यावंच लागलं असतं. फलकावर हा दोन तृतीयांशाचा आकडा मोठ्या अक्षरात लिहा.

आता प्रत्यक्षातलं उदाहरण. केन जेनिंग्ज जेपर्डीत 2004 मध्ये सलग 74 सामने जिंकला आणि पंचाहत्तराव्यात नॅन्सी झर्गकडून हरला. शेवटच्या प्रश्नाआधी त्याचे 14,400 डॉलर, तिचे 10,000. त्याने 5,601 लावले, म्हणजे बरोबर आल्यास तिच्या दुपटीपेक्षा एक जास्त. तिने 4,401 लावले, म्हणजे बरोबर आल्यास त्याच्या तेव्हाच्या रकमेपेक्षा एक जास्त. त्याचं चुकलं, तिचं बरोबर आलं: 8,799 विरुद्ध 14,401. इतका मोठा विजेता हरला म्हणून लोक तो सामना आठवतात, पण मला त्यातली पैज जास्त महत्त्वाची वाटते. नॅन्सीकडे दोन तृतीयांशापेक्षा, म्हणजे 9,600 पेक्षा जास्त होते. योगायोगाने तिचीही सुरक्षित मर्यादा 1,200 च होती. तेवढेच लावून ती चुकली असती तरी 8,800 वर, जेनिंग्जच्या एक डॉलर पुढे राहिली असती. 4,401 लावून चुकली असती तर 5,599 वर येऊन हरली असती. तिला उत्तर येत होतं म्हणून ती पैज फळली. उत्तराची खात्री नसलेल्या ब ने तिची नक्कल करू नये.

अ कडे ब च्या दुपटीपेक्षा जास्त असतील तर हिशोब सोपा. 13,000 विरुद्ध 6,000 असेल तर अ ने 999 च्या वर जायचं नाही.

माडबन_वारा

वरचं गणित पक्कं आहे, फक्त एक बाजू राहिली. ब लहान पैज लावणार हे अ लाही कळतं. 1,200 लावून ब जास्तीत जास्त 7,200 वर जातो. तेव्हा अ ने 1,199 किंवा त्याहून कमी लावले तर तो चुकूनही 7,201 वर राहतो आणि जिंकतो. मग ब म्हणेल, अ लहान लावणार तर मी 2,401 लावून 8,401 करतो. इथे कोणतंच एक उत्तर बरोबर नाही, समोरचा कसा विचार करतो हे ओळखावं लागतं. तरीही नवख्या अ ला मी 3,601 च सांगेन. बरोबर उत्तर देऊनही हरणं फार झोंबतं.

तिसऱ्याला विसरू नका. जून 2019 मध्ये सलग 32 सामने जिंकलेला जेम्स होल्झहावर हरला, त्या दिवशी शेवटच्या प्रश्नाआधी तो दुसरा होता: एमा बेचर 26,600, तो 23,400, तिसरा 11,000. एरवी भल्यामोठ्या पैजा लावणाऱ्या माणसाने फक्त 1,399 लावले. अनेकांना ते नवल वाटलं, पण वजाबाकी करून बघा: चुकलं तरी 22,001 उरतात, तिसऱ्याच्या दुपटीपेक्षा एक जास्त. मागची बाजू बांधून घेऊन एमा चुकण्याची वाट बघायची, इतकाच मार्ग होता. तिने 20,201 लावले, उत्तर बरोबर दिलं आणि 46,801 वर गेली, त्याच्या दुपटीच्या एक पुढे.

तुमच्या उदाहरणातला क, बाकी दोघं नीट खेळले तर पहिला येऊच शकत नाही. दुसऱ्या क्रमांकाला बक्षीस ठेवलंत तर त्याच्या खेळाला अर्थ येतो: ब 2,401 लावून चुकला तर 3,599 वर येतो, तेव्हा क ला 1,400 लावून बरोबर उत्तर पुरतं.

बरोबरीबद्दल: पूर्वी जेपर्डीत बरोबरीचे सगळे विजेते ठरत. मार्च 2007 मध्ये स्कॉट वाइसकडे 13,400 आणि बाकी दोघांकडे 8,000-8,000 होते. त्याने मुद्दाम 2,600 लावले, तिघांचीही उत्तरं बरोबर आली आणि तिघंही 16,000 वर थांबले. आता एक जादा प्रश्न विचारतात, बझर आधी दाबून बरोबर उत्तर देणारा जिंकतो. तुम्हीही तेच ठेवा, आणि तो प्रश्न आधीच पाकिटात बंद करून ठेवा. आयत्या वेळी मंचावरून प्रश्न सुचवायला गेलात की वाद ठरलेला.

पैज शंभराच्या पटीतच लावायची असा नियम असेल तर वरचे सगळे आकडे बदलतात. अ ला 3,600 वर फक्त बरोबरी मिळते, जिंकायला 3,700 लागतात. एका गुणाची मुभा द्या.

दाभोळखाडी

दोघांचेही आभार, फलक असाच करतो. बझरसाठी अर्डुइनो नॅनो (प्रोग्रॅम करता येणारा छोटा सर्किट बोर्ड) आणि पॉवर बँक चालेल का? स्पर्धकांची टेबलं यंत्रापासून साधारण 15 मीटरवर असतील.

रोहिणी_जयगड

नॅनो चालेल, पॉवर बँक नको. नॅनो इतका कमी करंट घेतो की बऱ्याच पॉवर बँका काही जोडलेलंच नाही असं समजून थोड्या वेळाने आपोआप बंद होतात, आणि ते नेमकं खेळ चालू असताना कळतं. 12 व्होल्टची सीलबंद बॅटरी घ्या, तिला गाडीतला यूएसबी चार्जर जोडून 5 व्होल्ट काढा. लाइट गेली तरी बझर चालू राहील.

15 मीटर वायरवर नॅनोच्या आतल्या पुल-अपवर (बटण दाबलेलं नसताना पिन 5 व्होल्टवर धरून ठेवणाऱ्या रेझिस्टरवर) विसंबू नका. रोषणाईच्या माळा आणि स्पीकरच्या वायरी शेजारून गेल्या की कोणी न दाबता बझर वाजतो. प्रत्येक पिनला 5 व्होल्टकडे 1 किलोओहमचा रेझिस्टर आणि ग्राउंडकडे 0.1 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा. त्याने होणारा विलंब सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाइतका, म्हणजे नसल्यातच जमा. वायर म्हणून कॅट-5 केबल वापरा, पिळलेल्या जोडीतली एक तार सिग्नलला, दुसरी ग्राउंडला. बटणं सीलबंद घ्या. उघड्या पत्तीचे बेलचे स्विच खाऱ्या हवेत हिरवे पडतात आणि दाबूनही लागत नाहीत.

प्रोग्रॅममधली नेहमीची चूक म्हणजे लूपमध्ये (सतत फिरत राहणाऱ्या भागात) डिले, म्हणजे थांबा, टाकणं. 50 मिलिसेकंदांचा डिले असेल तर तेवढ्या वेळात दोघांनी दाबलेलं यंत्राला एकदमच दिसतं, आणि ज्याची पिन आधी तपासली जाते तोच दर वेळी जिंकतो. एका टेबलावर अन्याय होत राहतो आणि कोणाला कारण सापडत नाही. वेळ न थांबता मिलिस (millis) या फंक्शनने मोजा.

जेपर्डीचा नियम जसाच्या तसा घ्या: प्रश्न पूर्ण वाचून झाल्यावर दिवा लागतो, त्याआधी दाबलं तर ते बटण पाव सेकंद बंद. निवेदकाशेजारी बसलेल्या माणसाकडे दिव्याचा स्विच द्या. आणि बटण दाबून धरलेलं ग्राह्य धरू नका, सोडून पुन्हा दाबलं तरच मोजा. नाहीतर एखादा सुरुवातीपासून बोट ठेवून बसेल.

कातळसडा

शेवटच्या प्रश्नाबद्दल एक राहिलं. उत्तर एकच निघेल असा प्रश्न निवडा. 'कोकण रेल्वे कधी सुरू झाली?' याला पहिला टप्पा धरून 1993 लिहिणारा आणि पूर्ण मार्ग धरून 1998 लिहिणारा, दोघंही हटून बसतील. 'महर्षी कर्व्यांचं मुरुड' म्हणालात तर जंजिऱ्याजवळचं की दापोली तालुक्यातलं, ते उत्तरपत्रिकेत आधीच स्पष्ट लिहून ठेवा. 'सिंधुदुर्ग जिल्हा कोणत्या जिल्ह्यातून वेगळा झाला आणि कोणत्या साली?' हा चांगला आहे: रत्नागिरी, 1981.

पैजेची चिठ्ठी शाईने, अंकात आणि अक्षरात लिहून घ्या आणि प्रश्न वाचण्याआधी परीक्षकांकडे जमा करा. हिशोबाला कोरा कागद द्या, जेपर्डीतही देतात. उत्तराला 30 सेकंद. निकाल सर्वात कमी गुणांच्या स्पर्धकापासून उघडत वर जा. ज्याचे गुण शून्य किंवा उणे आहेत तो या फेरीत खेळत नाही, हे सुरुवातीलाच जाहीर करा.