मदत हवी आहे: एमएक्स-5 चे मागचे सस्पेन्शन बुश घरी बदलायचे आहेत, प्रेस नाही

मागचं_चाक:
गाडी माझदा एमएक्स-5, पहिली पिढी, 1.6. मागचे सगळे बुश (सस्पेन्शनच्या सांध्यांत बसणारे, लोखंडी कड्यातले रबरी तुकडे) मूळचेच, म्हणजे रबर तिशी ओलांडलेलं. वळणात ॲक्सिलरेटर सोडला की मागून 'टक्' असा आवाज येतो आणि गाडीचं मागचं टोक किंचित बाजूला सरकतं. मागच्या टायरांची आतली कड जास्त झिजली आहे. खालच्या आर्मपाशी (चाकाला गाडीशी जोडणाऱ्या दांड्यापाशी) पहार घालून हलवलं, तर रबर बाहेरच्या लोखंडी कड्यापासून सुटलेलं स्पष्ट दिसतं.
ट्रॉली जॅक, चार स्टँड, टॉर्क रेंच, मोठा व्हाइस आणि ड्रिल आहे. हायड्रॉलिक प्रेस नाही. तीन प्रश्न आहेत. रबर घ्यावं की पॉलियुरेथेन? प्रेसशिवाय जमेल का? आणि सुरुवात कुठून करू?

लोखंडी_पाना:
सुरुवात बोल्टपासून करा. या कामात बुश काढणं-बसवणं हा सोपा भाग आहे. वेळ खातात ते गंजून अडकलेले बोल्ट, त्यामुळे गाडी उचलायच्या आधीच नवे बोल्ट हातात असू द्या. दोन्ही बाजूंच्या खालच्या आर्मच्या आतल्या टोकांचे कॅम बोल्ट (फिरवले की आर्मची जागा थोडी सरकते ते), त्यांच्या कॅम प्लेटा आणि नट, शिवाय अपराइटच्या (चाकाचा हब धरणाऱ्या उभ्या भागाच्या) तळातून आरपार जाणारा लांब बोल्ट. यातला एक तरी कापावा लागेल असं धरूनच चला.

तीन-चार दिवस आधीपासून रोज प्रत्येक बोल्टच्या दोन्ही टोकांना पेनेट्रेटिंग ऑइल मारत राहा. गाडी सपाट जमिनीवर चाकांवर उभी असतानाच हबच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंतची उंची चारही बाजूंना मोजून लिहून ठेवा. हा आकडा शेवटी लागतोच. प्रत्येक कॅम प्लेट आणि तिच्या ब्रॅकेटवर मिळून एक खूण कोरा. मार्करची रेघ ऑइलने पुसली जाते.

एक गोष्ट बरेच जण विसरतात. या गाडीचा हँडब्रेक मागच्या चाकांवर चालतो. मागची बाजू उचलली की त्याचा काही उपयोग नाही, म्हणून पुढच्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे लावा. वजन स्टँडवरच ठेवा. जॅकवर उभ्या गाडीखाली हात घालू नका.

कॅलिपर सोडवला की तारेने वर बांधा, ब्रेकच्या होजवर लोंबकळू देऊ नका. हँडब्रेकची केबलही मोकळी करा. एका वेळी एकच बाजू उघडा, म्हणजे काय कुठे बसतं हे बघायला दुसरी बाजू शाबूत राहते.

रबर_आणि_रस्ता:
रोजच्या रस्त्यावर चालवणार असाल तर कंपनीच्या मापाचं नवं रबर घ्या. झिजलेलं जाऊन नवं रबर आलं की गाडी इतकी बदलते की पॉलीची गरजच वाटत नाही. पॉली रस्त्याचा आवाज आत आणतं आणि ग्रीस सुकलं की कुरकुरतं. मग सगळं पुन्हा उघडून ग्रीस भरा.

लोखंडी_पाना:
रस्त्यासाठी रबर, हे मान्य. पण प्रेस नसलेल्या माणसाला पॉलीचा एक मोठा फायदा आहे: ते दोन तुकड्यांत येतं आणि बहुतेक वेळा व्हाइसमध्ये किंवा हाताने बसतं. ग्रीस मात्र किटमधलं सिलिकोनचंच लावा. आणि जुनं बाहेरचं कडं काढायचं की ठेवायचं, हे किटच्या पत्रकात बघून मगच कापायला घ्या.

रबर घेतलंत तरी प्रेसशिवाय जमतं. ८.८ किंवा १०.९ ग्रेडची एम12 थ्रेडेड रॉड, जाड वॉशर, दोन नट आणि दोन सॉकेट लागतात. एक सॉकेट बुशच्या बाहेरच्या कड्यावर टेकेल पण आर्मच्या भोकातून जाईल इतकंच मोठं. दुसरं बुश त्यात मावेल इतकं रुंद. नटाखाली थ्रस्ट बेअरिंग घातलंत तर निम्मा जोर वाचतो. थ्रेडना ग्रीस लावा, नाहीतर रॉडच सोलून निघते.

कडं हलतच नसेल तर आधी ड्रिलने रबर पोखरून आतली स्लीव्ह (बोल्ट जिच्यातून जातो ती लोखंडी नळी) काढा. मग हॅकसॉचं पातं भोकातून घालून बाहेरचं कडं आतून बाहेर कापा. पातं आर्मच्या धातूला लागायच्या आत थांबा; उरलेला पातळ पापुद्रा छिन्नीने आत दुमडला की कडं सैल होतं. आर्मच्या भोकात खोल चर पडला तर नवा बुश घट्ट धरत नाही. रबर जाळून काढू नका, तो धूर विषारी असतो.

नवा बुश रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा. आर्मचं भोक वायर ब्रशने चकचकीत करून तोंडाची धार किंचित घासा. बुश बसवताना जोर फक्त बाहेरच्या कड्यावर द्या. आतल्या स्लीव्हवर ढकललंत तर रबरचा जोड तिथेच सुटतो. पहिल्या दोन-तीन मिलिमीटरांत तिरका गेला तर लगेच काढून परत लावा, पुढे जाऊन सरळ होत नाही. आणि जुना काढण्याआधी तो दोन्ही बाजूंना किती बाहेर होता ते मोजून ठेवा.

मागचं_चाक:
खूप आभार. आतले बोल्ट निघाले. उजव्या अपराइटचा लांब बोल्ट अडकलाय. नट निघाला, डोक्याला पाना लावला की बोल्ट पाव फेरा फिरतो, पाना सोडला की आपोआप मागे येतो.

लोखंडी_पाना:
मागे येतो म्हणजे बोल्ट फिरतच नाहीये. तो आतल्या स्लीव्हला गंजाने चिकटलाय आणि तुम्ही रबरला पीळ देताय. जोर वाढवून काही होणार नाही, डोकं तुटेल.

नट परत चढवा, बोल्टच्या टोकाशी समपातळीत आणा आणि त्यावर जड हातोड्याने ठोका, थ्रेड वाचतात. थोडं ऑइल, थोडे ठोके, मग डोक्याला दोन्ही दिशांना झोके, असं आलटून पालटून करा. गॅस टॉर्च लावायचा मोह होईल, पण जवळ ब्रेक होज आहे, पेट्रोलची लाइन आहे आणि रबर पटकन पेट घेतं. त्यापेक्षा कापणं बरं. आर्म आणि अपराइटच्या मधल्या फटीत रेसिप्रोकेटिंग सॉचं धातूचं पातं घाला आणि दोन्ही बाजूंना कापा. बुश तर जाणारच आहे, अपराइट वाचलं पाहिजे. मधला तुकडा नंतर बाहेर काढून व्हाइसवर ठोकून निघतो.

नव्या बोल्टच्या गुळगुळीत भागाला अँटी-सीझ (गंजून चिकटू न देणारं वंगण) लावा. थ्रेडना नको: वंगण लागलेला थ्रेड त्याच टॉर्कला (आवळण्याच्या जोराला) बोल्ट जास्त ताणतो.

रबर_आणि_रस्ता:
जोडताना एकच गोष्ट चुकली तर सगळी मेहनत वाया जाईल, म्हणून ठळक लिहितो. रबर बुशचे बोल्ट आर्म लोंबकळत असताना शेवटचे घट्ट करू नका. रबर आतल्या आणि बाहेरच्या दोन्ही कड्यांना चिकटलेलं असतं आणि आर्म हलतो तो रबर पिळवटूनच. चाक खाली लोंबतंय तेव्हा आवळलं, तर गाडी जमिनीवर येताच रबर कायमच्या पिळात अडकतं. मागची बाजू उंच राहते आणि नवा बुश लवकर फाटतो. सगळे बोल्ट आधी हातानेच बसवा. मग अपराइटखाली जॅक लावून हब तुमच्या लिहिलेल्या उंचीला आणा, आणि मॅन्युअलमधला टॉर्क तेव्हा द्या. त्या उंचीला पोचण्याआधीच गाडी स्टँडवरून उचलली जायला लागली, तर जॅक थांबवा. चाकांखाली रॅम्प ठेवून गाडीचं पूर्ण वजन चाकांवर येईल अशी उतरवा आणि तिथे आवळा. पॉली घेतलंत तर हा नियम इतका कडक नाही, ते स्लीव्हभोवती मोकळं फिरतं.

मागचं_चाक:
रबरच घेतलंय. कॅम जुन्या खुणांवर लावले तर अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवून घेणं) टाळता येईल का?

लोखंडी_पाना:
नाही. त्या खुणा सैल बुशवर घेतलेल्या आहेत. नवा बुश आर्मला वेगळ्या जागी धरतो. खुणा फक्त अलाइनमेंटच्या जागेपर्यंत गाडी नेण्यापुरत्या. तेवढ्यासाठीही दोऱ्याने टो (चाकं पुढे आत की बाहेर वळली आहेत ते) तपासून घ्या. गाडीच्या दोन्ही बाजूंना हबच्या उंचीवर दोरा ताणा. पुढच्या दोन चाकांमधलं आणि मागच्या दोन चाकांमधलं अंतर सारखं नसतं, म्हणून प्रत्येक ॲक्सलला हबपासून दोऱ्यापर्यंतचं डावं आणि उजवं अंतर एकमेकांशी जुळवा, पुढचं मागच्याशी नाही. मग रिमच्या पुढच्या आणि मागच्या कडेपासून दोऱ्यापर्यंत मोजा. मागच्या चाकांची पुढची कड किंचित आत हवी. बाहेर वळलेली दिसली तर तशी गाडी रस्त्यावर काढू नका, ब्रेक मारताच मागची बाजू भरकटते.

अलाइनमेंट करणाऱ्याला आधीच सांगा की मागे दर बाजूला दोन कॅम आहेत आणि कॅम्बर (चाकाचा वरून आत-बाहेर कल), टो दोन्ही त्यांवरच जमवायचे असतात. एक कॅम फिरवला की कॅम्बर आणि टो दोन्ही बदलतात. शेवटचा टॉर्क त्याने गाडी चाकांवर उभी असतानाच द्यावा.