मदत हवी आहे: गौरीजेवणाचं पुरण आदल्या रात्री करून ठेवू का?

यंदा गौरी आमच्याकडे. पंचवीसेक पानं होतील आणि सासूबाईंचे गुडघे दुखत असल्याने पुरणपोळ्या माझ्याकडे आल्यात. दीड किलो हरभराडाळ, तेवढाच गूळ, वेलची-जायफळ. सकाळी अळूवड्या, सोळा भाज्या, कटाची आमटी, पंचामृत असताना पुरणयंत्र कोण फिरवणार? (नवरा ‘मी करतो’ म्हणालाय. बघू.)

नैवेद्यापुरतं पुरण सकाळी ताजंच करेन, सोवळ्याचा प्रश्न नको. बाकीचं रात्रीच वाटून फ्रिजमध्ये ठेवलं तर सकाळी घट्ट होऊन पोळी फाटते का? की डाळ शिजवून, कट काढून ठेवावी आणि गूळ सकाळी घालावा? एवढ्या पुरणाला कणीक किती भिजवू? थोडा मैदा घालता का? एवढ्या प्रमाणात केलेल्यांनी कृपया सांगा.