अंधांच्या कार्यशाळेतली कामं: माहीतगारांनी लिहा

वेतोबा:
खुर्चीचं केनिंग (वेताची बैठक विणणं) हल्ली करतं कोण, असं कुणीतरी विचारलं आणि जुन्या कार्यशाळा आठवल्या. नॅब (अंधांसाठीची राष्ट्रीय संस्था) मुंबईत १९५२ साली सुरू झाली, पण अंधांना काम म्हणजे वेत, झाडू, मेणबत्ती ही यादी त्याहून जुनी. वेतच का, तर सरकारी कचेऱ्यांत वेताच्या खुर्च्याच खुर्च्या, आणि बैठक कधीतरी फाटणारच. शिवाय सगळी मोजणी बोटांची. मागच्या पट्टीची भोकं दोन्ही टोकांकडून मोजत मधलं काढायचं, तिथे खुंटी. पुढच्या पट्टीवरही तसंच. मग विणायला घ्यायचं.

गौरी_क:
माझा वेत तुटतोच, भिजवायचा किती वेळ?

वेतोबा:
कोमट पाण्यात १५-२० मिनिटं. रात्रभर ठेवलात तर काळपट पडतो. गुळगुळीत फुगीर बाजू वर, बोट फिरवलं की कळते.

जुना_खिळा:
@गौरी तुटण्याचं कारण भिजवणं नसेलही. उभी फेरी, आडवी, परत उभी, चौथी आडवी विणत, मग दोन तिरप्या. पहिल्या दोन जराशा ढिल्या ठेवायच्या. सुरुवातीलाच तंबोऱ्यासारख्या ताणल्या तर तिरपीला जागा उरत नाही. तिसरी फेरी पहिलीच्या बरोब्बर डोक्यावर नको, किंचित उजवीकडे. नाहीतर चौथी विणताच येत नाही. तिरपी पट्टी जोड्यांच्या खाचेत सरकन बसली तर ठीक. अडखळली तर वर-खाली उलट झालंय, तिथेच उसवा. तशीच ठेवली तर घासून घासून तुटते.

सुमाताई:
टेलिफोन ऑपरेटर विसरलात की! जुन्या बोर्डावर फोन आला की झडप खट्‌कन पडायची, हाताला लागायची. नंतर दिवे आले. मग उजेड लागला की वाजणारी कांडी दिव्यांवरून फिरवून लाइन शोधायची. तेही निभावलं. पण ‘एक दाबा, दोन दाबा’ आलं आणि जागाच गेल्या.

बंड्या७:
ते ज्यानं शोधलं त्याच्यासाठी थोडा वेत राखून ठेवा 😀

सुमाताई:
ओला ठेव, चांगला लागतो.

हिशेबनीस:
पॅकिंगवर कुणीच नाही लिहिलं? तिथे तोंडी मोजायचंच नाही. डझनाचा डबा असेल तर १२ खाचांची पाटी. खाचा भरल्या, तळवा फिरवला, पोकळ लागली नाही की डब्यात. तोंडी मोजताना कुणी हाक मारली तर डोळस माणूसही चुकतो.
आणि पगाराचं बोला जरा. १९४८ च्या किमान वेतन कायद्यात, कलम २६ खाली, अपंग कामगारांना तो कायदा लागू न करण्याची मुभा सरकारला होती. त्यात नगावर मजुरी. वेत कुजका आला तरी तोटा विणणाऱ्यालाच. अपंगांसाठीच्या १९९५ च्या कायद्यानं सरकारी नोकरीत ३ टक्के आरक्षण दिलं, त्यात अंध व अल्पदृष्टी १. २०१६ मध्ये ४ झाले, यांचा १ तो १ च.

बंड्या७:
+१ (हाही १ च)

गौरी_क:
वेताऐवजी प्लास्टिकची पट्टी चालेल का?

जुना_खिळा:
चालते, भिजवायलाही नको. पण वेत वाळताना आकसतो म्हणून बैठक ताठ होते. प्लास्टिक तुम्ही ताणाल तेवढंच. आणि भोकांच्या कडा आधी पॉलिश पेपरनं घासा, निम्म्या पट्ट्या तिथेच कापल्या जातात.

गौरी_क:
पॉलिश पेपर नाहीये, नखं घासायची कानस चालेल?

जुना_खिळा:
चालेल. नंतर नखांना नवी घ्या.