शब्दचर्चा : महालक्ष्म्या, ज्येष्ठा आणि अलक्ष्मी

धरमपेठकर
भाद्रपदात आपल्या नागपुरात 'गौरी' म्हणणारे थोडेच, 'आमच्याकडे महालक्ष्म्या असतात' हेच घरोघरी ऐकू येतं. त्या दोघी ज्येष्ठा आणि कनिष्ठा. पण श्रीसूक्तात तर 'क्षुत्पिपासामलां ज्येष्ठामलक्ष्मीं नाशयाम्यहम्' असं आहे, भूक-तहानेने मळलेल्या ज्येष्ठा अलक्ष्मीला मी नाहीशी करतो. म्हणजे सूक्तात जिला घालवायचं, तिलाच आपण साडी नेसवून, मुखवटा चढवून पुरणपोळी वाढतो का?

महालवाला
घाबरू नका. ही ज्येष्ठा नक्षत्राची. अनुराधावर आवाहन, ज्येष्ठावर पूजन, मूळावर विसर्जन. एक थोरली म्हटली की दुसरी धाकटी झालीच.

सक्करदरेकर
नक्षत्राचं बरोबर, पण तेवढ्यावर सोडून देऊ नका. खरी गंमत 'लक्ष्मी' या शब्दातच आहे.

तो 'लक्ष्' धातूवरून आलाय. लक्षण, लक्ष्य ही त्याचीच भावंडं. मूळ अर्थ खूण. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं ७१वं सूक्त वाणीबद्दल आहे. चाळणीने सातू चाळावेत तशी जाणत्यांनी मनाने वाणी चाळून घेतली, असं तिथं म्हटलंय, आणि पुढे येतं, 'भद्रैषां लक्ष्मीर्निहिताधि वाचि'. त्यांच्या वाणीवर शुभ लक्ष्मी ठेवलेली आहे. इथे पैशाचा संबंधच नाही. आणि 'भद्रा' हे विशेषण मुद्दाम लावलंय, हे बघा. खूण चांगली की वाईट, हे वेगळं सांगावं लागत होतं.

अथर्ववेदात तर हे उघडच आहे. सातव्या कांडातल्या ११५व्या सूक्तात माणसाबरोबर १०१ लक्ष्म्या जन्मतात, काही पुण्या, काही पापी. अंगावर आलेल्या नकोशा लक्ष्मीला तिथं झाडावर चढलेल्या बांडगुळाची उपमा आहे. पुण्या असतील त्यांनी राहावं, पापींना मी घालवलं, असा शेवट. त्यामुळे मला वाटतं, 'अलक्ष्मी' हा शब्द 'लक्ष्मी' निव्वळ शुभ ठरल्यावरच नीट चालू शकतो. त्याआधी पापी लक्ष्मी म्हटलं की भागत होतं.

'श्री' आणि 'लक्ष्मी' याही आधी दोघी होत्या. शुक्ल यजुर्वेदातल्या पुरुषसूक्तापुढच्या मंत्रात 'श्रीश्च ते लक्ष्मीश्च पत्न्यौ' असं द्विवचन आहे. पुढे दोघी एकच झाल्या.

धरमपेठकर
मग 'महा' कुठून आलं? विष्णूची बायको म्हणून?

सक्करदरेकर
देवीमाहात्म्यातली महालक्ष्मी कुणाची बायको म्हणून येतच नाही. मार्कंडेय पुराणातले हे १३ अध्याय, म्हणजे आपली सप्तशती. त्यातलं दुसऱ्या ते चौथ्या अध्यायापर्यंतचं मधलं चरित्र परंपरेने महालक्ष्मीचं, आणि त्यात काय आहे, तर महिषासुराचा वध! सगळ्या देवांच्या तेजातून ती उभी राहते. सप्तशतीबरोबर वाचतात त्या प्राधानिक रहस्यात 'सर्वस्याद्या महालक्ष्मीस्त्रिगुणा परमेश्वरी' म्हटलंय. महाकाली आणि महासरस्वती तिथं तिच्यातूनच निघतात. लगेच पुढचं विशेषण 'लक्ष्यालक्ष्यस्वरूपा'. खूण दिसते ती आणि दिसत नाही तीही तीच. म्हातारपणी पाठांतर सोडून अर्थ बघायला लागलो, तेव्हा या एका शब्दावर बराच वेळ अडकलो होतो.

आता तुमच्या ज्येष्ठेकडे या. चौथ्या अध्यायात देव स्तुती करतात, 'या श्रीः स्वयं सुकृतिनां भवनेष्वलक्ष्मीः पापात्मनाम्'. पुण्यवंतांच्या घरी श्री आणि पाप्यांच्या घरी अलक्ष्मी, व्यक्ती एकच. पाचव्या अध्यायातल्या 'या देवी सर्वभूतेषु'मध्ये तर क्षुधा, निद्रा, लज्जा इतकंच काय, भ्रांतीही देवीच आहे. श्रीसूक्त भुकेला अमंगळ म्हणून घालवतं आणि इथे तिलाच तीनदा नमस्कार! आपल्या नागपूरजवळच्या कोराडीला जगदंबेला महालक्ष्मी म्हणतात ती मला वाटतं याच अर्थाने, तिजोरीशी तिचा संबंध नंतरचा.

इतवारीतली काकू
तुमचं संस्कृत राहू द्या जरा. आमची सासू महालक्ष्म्यांना 'माहेरवाशिणी' म्हणायची. दोन्ही कोठ्यांना साड्या नेसवायच्या, समोर बाळं ठेवायची, सोळा भाज्या, आंबील, अन् पहिल्या दिवशी 'कशाच्या पावलांनी आली?' म्हणून विचारत घरभर फिरवायचं. लेकीले काय कोणी लक्षण अन् खूण म्हणून बोलावते?

सक्करदरेकर
काकू, कबूल. सण पोथीतून निघाला असं माझं म्हणणं नाहीच. नाव कुठल्या अर्थाचं, एवढंच सांगत होतो.

महालवाला
वापराचं बोलायचं तर, अनेकवचन 'महालक्ष्म्या'. लग्नपत्रिकेसारख्या निमंत्रणात 'महालक्ष्मी पूजन' लिहितात तेही चालतं, पण बोलताना 'आमच्याकडे महालक्ष्मी आहे' म्हटलं की नागपुरात कुणीतरी विचारतंच, एकच?

धरमपेठकर
आणि रोजच्या बोलण्यात 'अलक्ष्मी' कुणी म्हणतं का?

इतवारीतली काकू
नाही बाप्पा. आम्ही 'अवदसा' म्हणतो. दिवाळीले नवीन फडा, म्हणजे केरसुणी, आणून त्याची लक्ष्मी म्हणून पूजा करतो, आणि तोच फडा कोणी पाय लागून ओलांडला की, 'काहून रे, अवदसा आठवली का?'

सक्करदरेकर
'अवदसा' म्हणजे 'अवदशा', वाईट दशा. तिचीही बाई झालीच शेवटी.